राजेंद्रबाबू राष्ट्रपतिपदाला पात्र होते का?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की आपल्याकडे ठरलेली चर्चा सुरू होते. उमेदवार किती साधा आहे, किती शिकलेला आहे, कोणत्या समाजातून आला आहे. मग कोणीतरी दाखला देतो, "राष्ट्रपती असावा तर राजेंद्रबाबूंसारखा." शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत हेच ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे आपल्या अभ्यासवर्गातले तरुणसुद्धा हा दाखला बिनदिक्कत देतात. म्हणून आज थोडी चिकित्सा करू.

माझे म्हणणे सरळ आहे. 1952 साली डॉ. राजेंद्र प्रसाद राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा ते त्या पदासाठी अपात्र उमेदवार होते. हा आरोप त्यांच्या चारित्र्यावर नाही. संविधान राष्ट्रपतीकडून एक निष्ठा मागते आणि ती निष्ठा त्यांनी धर्मशास्त्राला दिली होती. याचा पुरावा निवडणुकीच्या आठ महिने आधी त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता.

आधी त्यांचे देणे मान्य करू

चिकित्सा म्हणजे शिवीगाळ नव्हे, म्हणून त्यांच्या बाजूचे आधी सांगतो. राजेंद्रबाबू साधे राहत, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, पैशाला चिकटले नाहीत. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधून आलेली संविधान सभेची जागा गेली, तेव्हा 30 जून 1947 रोजी मुंबई प्रांताचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना तातडीने निवडून पाठवायला सांगणारे राजेंद्रबाबूच होते. 26 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी मसुदा समितीतल्या बाबासाहेबांच्या कामाचा मोकळ्या मनाने गौरव केला. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच भाषणात त्यांनी एक खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्यांसाठी आपण उच्च पात्रता मागतो, मात्र कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे कोणतीच पात्रता संविधानात नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते. ठीक आहे. जो माणूस आमदार-खासदारांची पात्रता विचारतो, त्याची पात्रता विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

या पदाची खरी पात्रता कोणती?

कलम 58 वाचले तर पात्रता सोपी आहे. भारताचा नागरिक असावा, वय 35 पूर्ण असावे, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा, लाभाचे पद नसावे. एवढे तर लाखो लोकांकडे असते. खरी पात्रता कलम 60 मधल्या शपथेत आहे. राष्ट्रपती संविधान आणि कायदा यांचे जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची शपथ घेतो.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे पद कसे आहे ते स्पष्ट केले होते. भारताचा राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा राहील. तो राज्याचा प्रमुख असेल, राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, पण राष्ट्रावर राज्य करणार नाही. राज्य चालवायचे ते संसदेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाने.

राजेंद्रबाबूंना हे माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. संविधान सभेचे अध्यक्ष म्हणून सगळी चर्चा त्यांच्या समोर झाली. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे असे संविधानात शब्दात लिहिलेले नाही, हे त्यांनीच 26 नोव्हेंबरच्या भाषणात दाखवून दिले. पण इंग्लंडमध्ये राजा जशी मंत्र्यांच्या सल्ल्याने चालण्याची प्रथा पाळतो, तशी ती इथेही रुजेल, अशी आशाही त्यांनीच व्यक्त केली. प्रथा कोणी रुजवायची? पहिल्या राष्ट्रपतीने. आणि दोन वर्षांच्या आत ती प्रथा मोडण्याची भाषा कोणी केली? पहिल्याच राष्ट्रपतीने!

हिंदू कोड बिल आणि ते पत्र

हिंदू कोड बिल हा आपल्यासाठी फक्त कौटुंबिक कायद्याचा विषय नाही. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, मुलीला वारसा, लग्न आणि दत्तक यांतल्या जातीच्या अटींना मूठमाती हे त्या विधेयकाचे सार होते. जात टिकते ती जातीतल्या लग्नावर, आणि जातीतले लग्न टिकते ते स्त्रीवरच्या पहाऱ्यावर. बाबासाहेबांनी हे 1916 सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. कायदामंत्री झाल्यावर त्यांनी त्याच मुळावर घाव घातला.

राजेंद्रबाबूंचा या विधेयकाला सुरुवातीपासून विरोध होता. 1948 मध्ये, संविधान सभेचे अध्यक्ष असताना, त्यांनी नेहरूंना तसे कळवले होते. तोपर्यंत ते त्यांचे मत होते आणि मत असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रश्न पुढचा आहे.

सप्टेंबर 1951 मध्ये विधेयक पुन्हा संसदेत येणार होते. 15 सप्टेंबर 1951 रोजी, आता राष्ट्रपती असलेल्या राजेंद्रबाबूंनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. संसदेने विधेयक मंजूर केले तरी संमती देण्याआधी आपण ते स्वतःच्या बुद्धीने तपासू, असा त्याचा आशय होता. म्हणजे लोकांच्या सभागृहाने मंजूर केलेला कायदा एक माणूस आपल्या धर्मश्रद्धेच्या तराजूत तोलणार होता.

नेहरूंनी लगेच उत्तर दिले की राष्ट्रपतीला संसदेच्या इच्छेविरुद्ध जाण्याचा असा अधिकार नाही. अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मते घेतली गेली. दोघांनीही राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालले पाहिजे असे सांगितले. अल्लादी तर मसुदा समितीचे सदस्य होते.

त्यांचे युक्तिवाद तपासू

राजेंद्रबाबूंचा एक युक्तिवाद असा होता की तेव्हाची संसद प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती, म्हणून एवढा मोठा बदल तिने करू नये, निवडणुका होऊ द्याव्यात. वरवर पाहता हे लोकशाहीचे बोलणे वाटते. पण मित्रांनो, 24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रबाबूंना बिनविरोध राष्ट्रपती कोणी निवडले? याच सभागृहाने. संविधान कोणी मंजूर केले? याच सभागृहाने. हे सभागृह अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 लिहू शकते, देशाचा राष्ट्रपती निवडू शकते, पण हिंदू स्त्रीला घटस्फोट देऊ शकत नाही, हा कुठला न्याय? सभागृह अपुरे असेल तर त्याने दिलेली खुर्चीही अपुरीच ठरते. खुर्ची घ्यायची आणि कायदा नाकारायचा, असे चालत नाही.

दुसरा युक्तिवाद आजही व्हॉट्सअॅपवर फिरतो. कायदा फक्त हिंदूंसाठी का? सर्वांसाठी करा, नाहीतर कोणासाठीच नको. आता बघा, अन्याय कोणाच्या घरात होत होता? ज्या स्त्रीचा नवरा दुसरी बायको आणत होता, जी मुलगी बापाच्या मालमत्तेला मुकत होती, ती हिंदूच होती. शेजारणीला न्याय मिळेपर्यंत तुलाही मिळणार नाही असे तिला सांगणे ही समानता नाही. सुधारणा टाळण्याची ती जुनी युक्ती आहे.

विधेयक कसे संपले ते आपण जाणतो. विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर व्हावा म्हणून बाबासाहेबांनी शेवटपर्यंत झुंज दिली. चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक गुंडाळले गेले. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी राजीनामा दिला. हे पाप एकट्या राजेंद्रबाबूंचे नाही. काँग्रेसमधले सनातनी आणि बाहेरचे साधू-महंत उघड विरोधात होते, आणि बाबासाहेबांनी राजीनाम्याच्या निवेदनात बोट ठेवले ते नेहरूंच्या कचखाऊपणाकडे. पण जो माणूस पक्षांच्या वर बसल्याचे सांगितले जात होते, तोही आतून एका बाजूला उभा होता.

काशीचे पाय

1952 च्या मे महिन्यात निवडणूक झाली. राजेंद्रबाबूंना 5,07,400 मतमूल्य मिळाले, तर प्रतिस्पर्धी के. टी. शहा यांना 92,827. शहा हे आपले उमेदवार होते असा माझा दावा नाही. संविधान सभेत त्यांनी 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' हे शब्द घालण्याची सूचना मांडली, तेव्हा तिला विरोध करणारे बाबासाहेबच होते. मुद्दा एवढाच की सप्टेंबर 1951 मध्ये नेमके काय घडले हे काँग्रेसच्या नेतृत्वाला पुरते ठाऊक होते. तरीही 1952 मध्ये आणि पुन्हा 1957 मध्ये त्यांनी तोच उमेदवार दिला.

राष्ट्रपती असताना राजेंद्रबाबूंनी काशीत ब्राह्मणांचे पाय धुतले. राममनोहर लोहियांनी 1953 मध्ये यावर जळजळीत लिहिले. त्यांच्या लेखात दोनशे ब्राह्मणांचा आकडा आहे. बाबासाहेबांनीही 1955 च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात या घटनेचा उल्लेख केला आणि त्याच ओघात नेहरूंनाही सोडले नाही.

काही जण म्हणतील, तो त्यांचा वैयक्तिक धर्म होता, कलम 25 सर्वांनाच आहे. मान्य. राजेंद्रबाबूंनी घरी कोणतीही पूजा करावी. पण विद्वानाचे पाय विद्वत्तेसाठी धुतले असते तर गोष्ट वेगळी होती. इथे पाय धुण्याची अट जन्म होती. काशीच्या घाटावर त्याच दिवशी प्रेते जाळणारा डोमही होता, गल्ल्या झाडणारा वाल्मीकीही होता. त्यांचे पाय धुण्याच्या यादीत नव्हते. प्रजासत्ताकाचा पहिला नागरिक जन्माच्या आधारावर काहींपुढे वाकतो, तेव्हा बाकीच्यांना त्यांची जागा दाखवली जाते. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, तिला राष्ट्रपती भवनाची मोहर लागते. मग कलम 14 च्या समानतेचे काय राहते?

पण शेवटी सही केलीच ना?

हा सर्वांत दमदार आक्षेप. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये झाला, वारसा कायदा 1956 मध्ये झाला आणि दोन्हींवर सही राजेंद्रबाबूंचीच आहे. मग अपात्र कसे?

सही झाली, कारण 1951 मध्ये त्यांना अडवले गेले होते. संस्था उमेदवारापेक्षा मजबूत निघाली, एवढेच त्यातून सिद्ध होते. दरम्यान बाबासाहेबांचे अखंड विधेयक चार तुकड्यांत फुटले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला 2005 ची दुरुस्ती उजाडली. आणि राजेंद्रबाबूंचे मत बदलले होते का? 28 नोव्हेंबर 1960 रोजी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. राष्ट्रपतीचे अधिकार इंग्लंडच्या राजासारखे आहेत का, याचा अभ्यास व्हावा, असे ते म्हणाले. शेवटी 1976 मध्ये 42 व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे कलम 74 मध्ये स्पष्ट लिहावे लागले.

याचा अर्थ राष्ट्रपतीने रबरी शिक्का व्हावे असा नाही. के. आर. नारायणन यांनी 1997 मध्ये उत्तर प्रदेशात आणि 1998 मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. तो अधिकार संविधानाने दिलेला होता आणि वापरला गेला तो निवडून आलेल्या विधानसभांच्या रक्षणासाठी. राजेंद्रबाबूंना आपला अधिकार निवडून आलेल्या सभागृहाविरुद्ध वापरायचा होता. दोघांनी मंत्रिमंडळाला प्रश्न विचारला, पण एकाने संविधान हातात धरून विचारला आणि दुसऱ्याने शास्त्र हातात धरून.

आपल्यासाठी धडा

तेव्हा पुढच्या वेळी कोणताही पक्ष राष्ट्रपतिपदाचा उमेदवार पुढे करील, तेव्हा साधेपणाला भुलू नका. आणि हे मी आपल्याच लोकांना जास्त ठासून सांगतो, जातीलाही भुलू नका. आपला माणूस बसला म्हणून आपला विचार बसला असे होत नाही. उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. शास्त्र आणि संविधान आमनेसामने आले तेव्हा हा कोणत्या बाजूला उभा होता? खुर्चीवर बसून हा कोणापुढे वाकतो आणि कोणाकडे पाठ फिरवतो? आणि स्त्रीच्या हक्काचा कायदा समोर आला तेव्हा याने काय केले? उत्तरे भाषणांत शोधू नका. पत्रे, मतदान आणि सह्या शोधा.

संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, हा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी दिला. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीचा धोकाही सांगितला. राजेंद्रबाबूंवरची आपली आंधळी श्रद्धा ही तीच भक्ती आहे. ती सोडली की उमेदवार दिसू लागतो.

जय भीम! जय संविधान!