'एलियन' आणि कंपनी

दीर्घकाळ चाललेल्या विज्ञानपट-मालिकांविषयी बोलताना आपण बहुधा एक सोपी मांडणी गृहीत धरतो : एका बाजूस स्वतःची दृष्टी असलेला दिग्दर्शक, दुसऱ्या बाजूस गल्ल्यावर डोळा ठेवून बसलेली कंपनी. पहिला घडवतो, दुसरी बिघडवते. 'एलियन' मालिकेचा इतिहास ही मांडणी पुन्हा तपासायला लावतो; आणि त्या कथेतही खलनायकाची जागा एका कंपनीकडेच असल्यामुळे ही तपासणी अधिक उद्बोधक ठरते.

१९७७ साली 'स्टार वॉर्स'ला अफाट यश लाभले, आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला अंतराळावरचा आणखी एक चित्रपट हवासा वाटू लागला. डॅन ओ'बॅनन यांची पटकथा हाताशी होती. म्हणजे आरंभच हिशेबातून झाला. पण दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी आपल्या मनातला चित्रपट स्टोरीबोर्डवर रेखाटून दाखवला, तेव्हा त्याच स्टुडिओने अंदाजपत्रक ४२ लाख डॉलरांवरून ८४ लाखांवर नेले. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराच्या कल्पनेतला भीषण जीव १९७९ साली पडद्यावर अवतरला, तो या पैशाच्या बळावर.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मालवाहू यानावरचा अ‍ॅश हा अधिकारी प्रत्यक्षात यंत्रमानव आहे, आणि 'खलाशी गेले तरी चालतील, पण तो जीव आणा' असा कंपनीचा गुप्त आदेश तो पाळतो आहे, हा कथाभाग ओ'बॅनन यांचा नव्हे. तो निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी घातला. ओ'बॅनन यांना तो अनावश्यक वाटला होता. नफ्यापुढे माणूस कवडीमोल ठरतो, हे या मालिकेचे मुख्य सूत्र निर्मात्यांच्या टेबलावर जन्मले, हे आम्हांस दृष्टीआड करता येत नाही.

१९८६ साली जेम्स कॅमेरॉन यांनी 'एलियन्स'मध्ये भयपटाचा युद्धपट केला. बर्क हा कंपनीचा गोडबोल्या प्रतिनिधी त्यांनी उभा केला, आणि रिप्लीच्या भूमिकेसाठी सिगर्नी वीव्हर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. चित्रपट उत्तम चालला. साहजिकच तिसरा हवा झाला.

'एलियन ३'साठी विल्यम गिब्सन यांच्यासह अनेकांच्या पटकथा आल्या आणि बाजूला पडल्या. व्हिन्सेंट वॉर्ड यांनी लाकडी ग्रहावर राहणाऱ्या मठवासीयांची विलक्षण कल्पना मांडली. तयारी सुरू झाल्यावर तेही बाहेर पडले. त्यांच्या मठाचा पुढे तुरुंग झाला, फक्त कैद्यांची धर्मनिष्ठा तेवढी मागे राहिली. १९९१मधल्या जाहिरातपटाने तर कथा पृथ्वीवर घडणार असल्याचे सुचवले होते. प्रत्यक्षात चित्रपटात पृथ्वी कुठेच नाही. डेव्हिड फिंचर यांनी पाइनवुड स्टुडिओत चित्रीकरण आरंभले तेव्हा ते २८ वर्षांचे होते, हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता आणि हाती पूर्ण पटकथा नव्हती. लाखो डॉलर आधीच खर्ची पडलेले असल्याने थांबणे शक्य नव्हते. अंतिम संकलन पुरे होण्यापूर्वीच फिंचर निघून गेले. १९९२ साली चित्रपट आला. पुढे त्यांनी त्याच्याशी आपले नातेच नाकारले.

आमच्या मते १९७९ आणि १९९२ यांतला भेद कलावंत आणि कंपनी यांच्या स्वभावात शोधू नये. तो कामाच्या क्रमात आहे. पहिल्या वेळी आधी चित्र होते, मग पैसा आला. तिसऱ्या वेळी आधी पैसा आणि मुहूर्त ठरला, मग नेपथ्य उभे राहिले आणि कथा सर्वांत शेवटी शोधण्यात आली.

तिसऱ्या भागाच्या अखेरीस, पोटातला तो जीव कंपनीच्या हाती लागू नये म्हणून रिप्ली धगधगत्या भट्टीत उडी घेते. १९९७च्या 'एलियन रिसरेक्शन'मध्ये तिला क्लोन करून परत आणले गेले. कथेत हे लष्कराच्या शास्त्रज्ञांनी केले. कथेबाहेर कोणी केले, हे वाचकांस सांगावयास नको.

२००३ साली फॉक्सने चारही चित्रपटांचा संच काढला. त्यात 'एलियन ३'ची सुमारे अर्ध्या तासाने मोठी आवृत्ती होती. ती फिंचर यांच्या सहभागाविना जुळवलेली होती. स्कॉट यांनी त्याच सुमारास पहिल्या चित्रपटाची 'दिग्दर्शकाची आवृत्ती' करून दिली, पण आपली खरी पसंती १९७९च्या मूळ आवृत्तीलाच असल्याचे ते सांगत राहिले. दिग्दर्शकाची दृष्टी हीदेखील आता विक्रीची वस्तू झाली होती.

उलट पक्षही नोंदवला पाहिजे. २०१२च्या 'प्रोमिथियस'मध्ये स्कॉट यांनी मानवाच्या उगमाचे मोठे प्रश्न हाती घेतले, तरी कथा विस्कळीतच राहिली. दृष्टी असली म्हणजे कलाकृती साधतेच असे नाही.

२०१९ साली फॉक्स डिस्नेच्या मालकीचे झाले. २०२४च्या 'एलियन : रोम्युलस'मध्ये, २०२० साली दिवंगत झालेल्या इयन होल्म यांचा चेहरा तंत्राच्या साहाय्याने पुन्हा पडद्यावर आणला गेला. होल्म यांनीच १९७९ साली अ‍ॅश साकारला होता. कुटुंबाची संमती होती, हे खरे. तरीही तो अर्धवट शरीराचा यंत्रमानव कंपनीच्या आज्ञा बोलू लागतो, तेव्हा आम्हांस वाटते, की 'खलाशी गेले तरी चालतील' हे वाक्य आता पटकथेपुरते उरलेले नाही. निवृत्तीची मुभा खलाशाला मेल्यावरही मिळेलच, अशी खात्री आता राहिलेली नाही.