पर्वतीच्या कारभारातून उभी राहिलेली सभा

आमच्या सोसायटीतलं महिला मंडळ टँकरच्या पाण्यावरून सुरू झालं. पाच-सहा जणी जिन्यात उभ्या राहून बोलायचो, तेवढंच. पाण्याचा प्रश्न सुटला, पण बोलणं काही थांबलं नाही. कचरा, मुलांच्या शाळा, सणांचे कार्यक्रम असं करत मंडळ चाळीस जणींचं झालं. आणि मागच्या महिन्यात वर्गणीवरून दोन तट पडले. "आम्ही वेगळं मंडळ काढतो," असं काहीजणींनी सांगून टाकलं. मन खट्टू झालं.

परवा सकाळी पर्वती चढताना पुण्याचीच एक जुनी गोष्ट आठवली. ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

या पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी लोकांची तक्रार होती. त्यातून लोक एकत्र आले आणि 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढाकार होता गणेश वासुदेव जोशी या वकिलांचा. सभेपायी त्यांचं नावच 'सार्वजनिक काका' पडलं.

सभेचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे बोलायला उठणारा माणूस एकट्याचं गाऱ्हाणं मांडत नसे. मागच्या पन्नास जणांना त्याला उत्तर द्यावं लागे.

1871 मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि चर्चेला अभ्यासाची जोड मिळाली. 1876-78 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. 1878 मध्ये सभेचं त्रैमासिकही निघालं. 1885 मध्ये राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन पुण्यातच भरायचं होतं, पण कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईला न्यावं लागलं. देवळाच्या कारभारापासून निघालेली वाट पंधरा वर्षांत कुठे येऊन पोचली, पाहा!

पण पुढे काय झालं? 1895 मध्ये सभेची सूत्रं टिळकांच्या गटाकडे गेली. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि 1896 मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. मोठमोठी माणसं, एकच गाव, एकच कळकळ, तरी एका छताखाली जमलं नाही. मात्र दोन्हीकडची माणसं कामाला लागलेलीच राहिली.

पायऱ्या उतरताना माझ्या मनातली अढी जरा सैल झाली. मंडळ वाढलं की मतं वाढणारच. फूट पडली म्हणजे सगळं बुडालं, असंही नाही. पण खरं सांगू? आमच्या भांडणात दोन्ही बाजूंच्या चार-चार जणीच बोलत होत्या. वर्गणी कुणाला जड जाते, हे बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या चार जणींत मीही होते.

म्हणून येत्या रविवारच्या बैठकीत मी एवढंच सुचवणार आहे: पुढच्या वेळी बोलायला येताना प्रत्येकीने निदान पाच घरांना विचारून यावं. पन्नास सह्या आपल्याला झेपायच्या नाहीत, पण पाच दारं तर आपल्याच जिन्यात आहेत. सुरुवात मी माझ्या मजल्यापासून केली आहे. त्यातल्या दोघींनी माझ्या उलटच मत सांगितलं. ते वहीत लिहून घेतलं आहे.