जुळ्यांचं आयुष्य

‘त्यांच्या घराण्यातच दीर्घायुष्य आहे,’ असं आपण सहज म्हणतो. पण घराण्याकडून जनुकं मिळतात, तसंच घर, अन्न, पाणीही मिळतं. ही दोन्ही वेगळी कशी काढायची?

डेन्मार्कमध्ये १९५४ साली चर्चच्या जन्मनोंदींवरून जुळ्यांची यादी करायला सुरुवात झाली. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी, इतर जुळ्यांची सरासरी निम्मी; वाढलेली मात्र बहुधा एकाच घरात. १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या २८७२ जोड्यांचा हिशेब १९९६ साली प्रसिद्ध झाला. आयुर्मानातल्या फरकांपैकी पुरुषांत २६ आणि स्त्रियांत २३ टक्केच जनुकांच्या वाट्याला आले.

मात्र एखादं मूल पंधराव्या वर्षाआधी दगावलं असेल, तर ती जोडी यात धरलेलीच नाही. गरिबी आणि साथींचा पहिला घाव तर याच वयात बसायचा! ‘पाव हिस्सा’ वर्गात सांगताना आम्ही ही अट गाळत नाही.