राज्यपालांचा मुलगा आणि वशिल्याची गोष्ट

गिरगावच्या कट्ट्यावर असो की दादरच्या हॉटेलात, एक वाक्य हमखास कानावर पडतं : पुढाऱ्यांची पोरं सैन्यात जात नाहीत, आणि गेलीच तर बापाच्या वशिल्यानं वर चढतात. पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे. सुभेदार रामजींचे भीमराव परळच्या चाळीत राहून शिकले आणि देशाचे नेते झाले. उलटी वाट चालणारे मात्र विरळा. दुसरा अर्धा सरसकट ठोकून देण्यापूर्वी मलबार हिलच्या राजभवनाकडे बघावं.

एप्रिल 1962मध्ये तिथं पी. सुब्बरायन राज्यपाल म्हणून आले. मद्रास प्रांताचे माजी मुख्यमंत्री, 1938 ते 1946 क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष, नंतर केंद्रीय मंत्री. त्यांचा थोरला मुलगा परमशिव प्रभाकर कुमारमंगलम तोफखान्यातला अधिकारी. विलायतेतल्या ईटन शाळेचं आणि वुलिचच्या लष्करी अकादमीचं शिक्षण घरच्या जमीनदारीमुळे मिळालं, हे कबूल. पण 1942मध्ये लिबियाच्या वाळवंटात रोमेलच्या रणगाड्यांपुढे जमीनदारी काय कामाची? तिथल्या लढाईत त्यांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि जर्मनीतल्या छावणीत पोचले.

आता तारखा पाहा. सुब्बरायन पदावर असतानाच 6 ऑक्टोबर 1962 रोजी वारले. मुलगा लष्करप्रमुख झाला जून 1966मध्ये. वशिल्याचा फोन कुठून गेला म्हणायचा?

‘घराण्याचं नाव तर होतं ना?’ होतं की! पण त्या नावात काय काय होतं तेही मोजा. धाकटा भाऊ मोहन कम्युनिस्ट चळवळीत मुरलेला. बहीण पार्वती कृष्णन 1957च्या लोकसभेत कम्युनिस्ट खासदार. त्याच लोकसभेत लालबाग-परळच्या गिरणगावाचे कॉम्रेड डांगे त्यांच्या पक्षाचे सहकारी, आणि सरकारी बाकावर खुद्द वडील! चीनशी युद्ध होऊन चार वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी असं घर लष्करप्रमुखपदाच्या उमेदवाराला शिडी ठरण्यापेक्षा अडचणीचंच ठरण्याची शक्यता जास्त.

तेव्हा वशिल्याचा ठपका ठेवायचाच, तर ईटनच्या फीवर खुशाल ठेवा. लष्करप्रमुखपदावर तो चिकटत नाही.