राबाचा धूर आणि प्रयोगाची कसोटी

#थ्रेड

१/ फाल्गुन सरत आला की कशेळ्यापासून खांडसपर्यंत शेताशेतांतून धुराच्या रेषा उठू लागतात. हा वणवा नव्हे, राब आहे. सुमारे १४० वर्षांपूर्वी याच धुरावरून सरकार आणि शेतकरी यांच्यात वाद पेटला होता. राब भाजणे खरोखर आवश्यक आहे की ती नुसती जुनी खोड आहे, हा तो प्रश्न. संशोधनपद्धतीच्या पुस्तकांतील 'प्रायोगिक आराखडा' हे रुक्ष वाटणारे प्रकरण या वादाच्या आधाराने समजून घेऊ.

२/ प्रथम राब म्हणजे काय ते पाहू. भाताचे आवण, म्हणजे रोप, ज्या वाफ्यात तयार करायचे तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर रचतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि सावकाश भाजतात. मृगाच्या पावसात त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरतात. पुढे रोपे उपटून खाचरात लावणी होते. टहाळ बहुधा ऐन-किंजळीसारख्या झाडांचा, आणि ती झाडे जंगलात किंवा वरकस जमिनीवर.

३/ वादाचे मूळ इथेच आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला. १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गेला.

४/ राब अनावश्यक ठरला असता तर टहाळाचा हक्कही अनावश्यक ठरला असता. म्हणजे एका वाफ्यातील रोपांच्या उंचीवर हजारो कुटुंबांचा जंगलावरील हक्क टांगलेला होता. शेतीच्या प्रश्नाला इतके राजकीय वजन क्वचितच येते.

५/ शेतकऱ्याचा पुरावा कोणता? 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतो आणि आवण चांगले येते.' संशोधनाच्या भाषेत हा पूर्व-प्रायोगिक आराखडा झाला: एकच गट, एकच उपचार आणि नंतरचे निरीक्षण. त्यात असत्य काहीच नाही. परंतु राब न भाजता काय झाले असते, हे त्यातून दिसत नाही. अनुभव 'झाले' एवढे सांगतो. 'यामुळे झाले' असे म्हणायला तुलना लागते.

६/ प्रयोगाचे स्वरूप या तुलनेतच आहे. संशोधक एका घटकात हेतुपुरस्सर बदल करतो. तो स्वतंत्र चल, इथे राब. त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजतो तो परतंत्र चल, इथे रोपांची वाढ. बाकी सारे, म्हणजे बियाणे, पाणी, जमीन, पेरणीचा दिवस, शक्य तितके समान राखतो. ते बाह्य चलांचे नियंत्रण. या तिन्हींवाचून केलेले काम उपक्रम असेल, प्रयोग नव्हे.

७/ मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने, ई. सी. ओझॅन यांच्या काळात, नेमकी ही तुलना करून पाहिली. राबलेले वाफे एका बाजूस, न राबलेले दुसऱ्या बाजूस. राबलेल्या वाफ्यातील रोपे सरस निघाली. शेतकऱ्याचा शब्द खोटा नव्हता, हे सरकारी कागदावर आले.

८/ तरी एक प्रश्न उरतोच. राब ही एक क्रिया दिसते, पण तिच्यात अनेक क्रिया गुंफलेल्या आहेत. शेणाचे खत, पाल्याची राख, जमिनीला लागणारी धग, तणाच्या बियांचा नाश. परिणाम यांपैकी कशाचा? पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राबपद्धतीवर शोधनिबंध लिहिला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. धगीने मातीत काय बदलते, हा त्यांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग होता.

९/ असे घटक सुटे करण्यासाठी वाफेही तसेच आखावे लागतात. एकात फक्त राख, दुसऱ्यात फक्त धग, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात काहीच नाही. याला बहुघटकी आराखडा म्हणतात. चौथा वाफा निरुपयोगी वाटतो, पण तोच नियंत्रित गट. तो नसेल तर उरलेले तिन्ही वाफे मुके राहतात.

१०/ आता कशेळ्यातील कोणताही शेतकरी विचारील: 'चांगल्या वाफ्यात राब भाजलात आणि उकिरड्यापासून दूरच्या हलक्या वाफ्यात नाही भाजलात, तर?' हाच प्रश्न इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांच्यापुढे होता. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याचे उत्तर सविस्तर मांडले. त्याची तीन सूत्रे अशी: पुनरावृत्ती, यादृच्छिकता आणि गटबांधणी.

११/ पुनरावृत्ती म्हणजे एका वाफ्यावर भिस्त न ठेवणे. गटबांधणी म्हणजे सारख्या जमिनीचे तुकडे एका गटात घेणे: वरच्या खाचरांचा एक गट, ओहोळालगतच्यांचा दुसरा. यादृच्छिकता म्हणजे प्रत्येक गटात कोणत्या तुकड्याला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवणे. संशोधकाच्या हाताचा कल, त्याच्याही नकळत, निकालात उतरू नये यासाठी ही चिठ्ठी.

१२/ भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत: वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. त्या दोघांचा कृषी संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला. कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर घडल्या. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही भाताची वाणे ज्या केंद्रातून आली, ते कर्जतचे संशोधन केंद्र आपल्यापासून फार दूर नाही.

१३/ वाफ्यावर हे सारे सोपे आहे. राबाविना राहिलेला वाफा तक्रार करीत नाही. माणसांचे काय? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. धैर्य अपूर्व, पण आराखडा तोच: एकच व्यक्ती, तुलना नाही.

१४/ त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस सुमारे निम्म्या कैद्यांनी, १५४ जणांनी, स्वेच्छेने लस घेतली. त्यांतील तिघांना त्याच संध्याकाळी प्लेगची लक्षणे दिसली आणि ते दगावले. संसर्ग आधीच झाला होता असे मानून त्यांना तुलनेबाहेर ठेवले गेले. पुढील आठवड्यात लस न घेतलेल्या १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले.

१५/ निकाल प्रभावी आहे, पण गट चिठ्ठीने पडलेले नव्हते. पुढे येणारे कैदी मुळातच अधिक सुदृढ असतील तर? अशा आराखड्याला अर्ध-प्रायोगिक म्हणतात: तुलना आहे, यादृच्छिक विभागणी नाही. आणि गजांआडच्या माणसाच्या 'स्वेच्छे'ला किती अर्थ असतो, हा प्रश्न वेगळाच.

१६/ १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच हवा. पुढे फिशर यांनी जमिनीची जी गटबांधणी सांगितली, तीच इथे घराघरांत होती. चिठ्ठी तेवढी नव्हती. ती असती तर हा खरा प्रायोगिक आराखडा ठरला असता.

१७/ प्लेग शिरलेल्या २८ घरांत लस न घेतलेले ६४ जण होते. २७ आजारी पडले, २६ मेले. लस घेतलेले ७१ होते. ८ आजारी पडले, ३ मेले. वैद्यकाच्या इतिहासातील ही एक स्वच्छ तुलना आहे. तिच्या एका रकान्यात २६ मृत माणसे आहेत, आणि ज्या घरात ती मेली त्याच घरात लस घेतलेले जगले.

१८/ म्हणून आराखडा शिकताना तीन प्रकारांची नावे (पूर्व-प्रायोगिक, अर्ध-प्रायोगिक, खरा प्रायोगिक) पाठ करून भागत नाही. तुलनेच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे आणि त्याला ते ठाऊक आहे काय, हेही विचारावे लागते. माणसावरील प्रयोगास त्याची स्वेच्छेची, जाणती संमती अनिवार्य आहे, हे न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्ये लिहून ठेवले. उंढेऱ्यानंतर ४९ वर्षांनी.

१९/ राबाच्या वादालाही अशीच एक दुसरी बाजू आहे. राबाने रोप सुधारते काय, याची कसोटी वाफ्यात लागली. टहाळ तोडल्याने जंगल खरोखर नष्ट होते काय, या दाव्याची कसोटी कोणत्या वाफ्यात लागायला हवी होती? तोडलेले आणि राखलेले रान शेजारी ठेवून, वर्षानुवर्षे मोजून. पुरावा कोणाकडे मागायचा, हे मात्र प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ठरून जाते.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला भूतकाळावर प्रयोग करता येत नाही. जुने प्रयोग मात्र वाचता येतात. ते वाचताना निकालाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात: तुलना कोणाशी केली, विभागणी कोणी केली आणि प्रश्न कोणाच्या सोयीचा होता. पहिल्या दोहोंची उत्तरे आराखड्यात सापडतात. तिसऱ्यासाठी दप्तरखान्यात जावे लागते.

(समाप्त) #इतिहास #कर्जत #राब