दिनविशेष : १० फेब्रुवारी १९७९
पाकिस्तानात हुदूद अध्यादेश जारी

लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल झिया-उल-हक यांनी या दिवशी हुदूद अध्यादेश लागू केले. चोरीसाठी हात तोडणे, व्यभिचारासाठी फटके किंवा दगडांनी ठेचून मृत्यू अशा शिक्षा कायद्यात आल्या. फटक्यांसाठी वेगळा अध्यादेशच निघाला. चाबूक १.२२ मीटरपेक्षा लांब नसावा, मारणाऱ्याने हात डोक्यावर नेऊ नये, डॉक्टर हजर असावा, असे बारीकसारीक नियम त्यात होते. नियमांत बांधली, म्हणून क्रूरता कमी होत नाही.

सर्वाधिक झळ बसली ती स्त्रियांना. व्यभिचार आणि बलात्कार एकाच अध्यादेशात होते. हदची, म्हणजे शरियतने ठरवून दिलेली, शिक्षा देण्यासाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुष साक्षीदार लागत. बलात्कारातून गर्भ राहिलेल्या एका अंध मुलीलाच तुरुंगवास आणि १५ फटके सुनावले गेले, आरोपी सुटले. देशभर संताप उसळल्यावर संघीय शरियत न्यायालयाने १९८३ मध्ये तिची शिक्षा रद्द केली.

१९९६ मध्ये हदखेरीज इतर गुन्ह्यांसाठीचे फटके बंद झाले, तर २००६ च्या महिला संरक्षण कायद्याने बलात्काराचा गुन्हा पुन्हा दंडसंहितेत आणला. हा बदल पाकिस्तानी स्त्रियांनी रस्त्यावर लाठ्या झेलून मिळवला आहे.