मुलांच्या भेटीचा हक्क (घटस्फोटानंतर) : शिरूर व दौंड तालुके

घटस्फोट किंवा न्यायिक फारकत झाल्यावर मूल ज्या पालकाच्या ताब्यात नसते, त्याला मुलाला भेटण्याची, ठरल्या काळापुरते घरी नेण्याची वा फोनवर बोलण्याची न्यायालयाने दिलेली मुभा. वकिलांच्या बोलण्यात ‘ॲक्सेस’ किंवा ‘व्हिजिटेशन’, पक्षकारांच्या तोंडी नुसती ‘भेट’. पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी) आणि दौंड हे शेजारचे तालुके आहेत. एका तालुक्यात सासर आणि दुसऱ्यात माहेर असणे इथे नेहमीचे, त्यामुळे संसार मोडला की मूल बहुधा आजोळी वाढते आणि बाप भीमा नदीच्या पलीकडे राहतो.

पूर्वी जातपंचांपुढे काडीमोड होई, तेव्हा मूल बापाच्या घराण्याचे मानले जाई; अंगावर पिणारे असेल तर तेवढ्यापुरते आईजवळ राही. आजही नातेवाईक आणि गावातली चार माणसे बसून स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेतात, त्यातच मुलाबद्दलची एखादी ओळ असते. हा कागद म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. भेट नाकारली गेली तर त्याच्या जोरावर अंमलबजावणीची दरखास्त दाखल करता येत नाही, हे बहुतेकांना भांडण पेटल्यावर कळते.

कायद्याचा आधार अनेक ठिकाणी विखुरलेला आहे. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली दावा चालू असताना, निकालात आणि निकालानंतरही मुलाच्या ताब्याबद्दल हुकूम करता येतो व पुढे तो बदलता येतो. पालक व पाल्य अधिनियम, 1890 सर्वधर्मीयांना लागू आहे. त्याखालचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 वडिलांना नैसर्गिक पालक म्हणतो आणि त्यांच्यानंतर आईला. 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूपुरता ठेवला नाही, वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील तेव्हाही आई पालक ठरते. याच कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते. गोव्यातल्या एका प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एवढ्या लहान मुलाचा ताबा मागणाऱ्या बापाने आईची अपात्रता दाखवायची आहे, आईने आपली पात्रता सिद्ध करत बसायचे नाही. या सगळ्यावर मात करणारी कसोटी म्हणजे मुलाचे हित. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला दालनात बोलावून त्याचे मत विचारू शकतात.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 शहरे डोळ्यांपुढे ठेवून झाला. पुण्यात शिवाजीनगरला असे न्यायालय आहे, तिथे विवाह समुपदेशक असतात आणि मुलांच्या भेटीसाठी वेगळी जागा असते. तालुक्यातले वैवाहिक दावे मात्र प्रायः दिवाणी न्यायालयात (वरिष्ठ स्तर) चालतात, म्हणजे जमिनीच्या वाटपाच्या आणि बांधाच्या तंट्यांसोबत. प्रत्यक्षात भेटीचा पहिला हुकूम अनेकदा त्याहूनही आधी निघतो. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बाई माहेरी आलेली असेल तर तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. 2005 च्या त्या अधिनियमाचे कलम 21 मुलाचा तात्पुरता ताबा तिला देते, समोरच्याला भेटीची सोय करून देते आणि भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास ती नाकारते. स्त्रिया व मुले यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

हुकुमाचा ठरलेला साचा असतो : महिन्याचा पहिला व तिसरा रविवार, दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग. रविवारची सुट्टी हमखास असणाऱ्या नोकरदाराला तो बरा. दौंडचा बाप रेल्वेत गार्ड किंवा लोकोपायलट असला, राज्य राखीव पोलीस बलाच्या गट 5 वा 7 मध्ये असला, तर रविवारी तो गाडीवर नाहीतर परजिल्ह्यात बंदोबस्तावर असू शकतो. रांजणगाव किंवा कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पाळी बदलते आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच येते असे नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची तर गोष्टच वेगळी. त्यांचे दिवस गळीत हंगाम ठरवतो. चुकलेल्या भेटीची भरपाई कधी द्यायची हे हुकुमात नसले, की पुढच्या तारखेला त्यावरच युक्तिवाद होतो.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड. शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. न्हावरे–चौफुला रस्त्याने एसटी, जीप किंवा दुचाकी एवढाच पर्याय. भेट आजोळच्या ओसरीवर ठेवली तर मामा आणि बाप समोरासमोर येतात, पोलीस ठाण्यात ठेवली तर मूल खाकी पाहून बिचकते. बापाच्या घरची आजी नातवाला बघायला तरसत असते, पण तिच्यासाठी कायद्यात वेगळे कलम नाही; तिची भेट बापाच्या हुकुमातच मागून घ्यावी लागते. चौफुल्यासारखे मधले ठिकाण, मूल कोणी आणायचे, कोणी पोचवायचे, किती वाजता, हे चार शब्द लिहून घेणाऱ्या वकिलाचे पक्षकारावर उपकारच होतात.

जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या जोडीला संपर्काचा हक्क मानला : दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे. बंदोबस्तावरच्या शिपायाला याचा सर्वाधिक उपयोग, फक्त फोन कोणाचा आणि तो उचलायचा कोणी हेही लिहिलेले हवे.

पोटगी आणि भेट यांची सांगड कायद्याने घातलेली नाही. पोटगी थकली म्हणून मूल दाखवायचे नाही, किंवा मूल दाखवत नाहीत म्हणून पोटगी भरायची नाही, हे दोन्ही पवित्रे टिकत नाहीत. दोहोंसाठी स्वतंत्र अर्ज करावे लागतात. हुकूमच नसेल तर स्थिती आणखी ढिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये म्हटले, की न्यायालयाची मनाई नसताना बापाने मूल आईकडून नेले तर तो नैसर्गिक पालक असल्याने अपहरणाचा गुन्हा होत नाही. अशा वेळी ठाण्यातून आईला न्यायालयाचा रस्ता दाखवला जातो आणि मूल आता नदीच्या कोणत्या बाजूला ‘सामान्यतः राहते’ यावरून अधिकारक्षेत्राचा नवा वाद सुरू होतो.